पंधरावी काठी

"माझा बॉल बघितलात का हो?"

झाडांच्या आडून एक उंच, निथळणारा, केसांत पानं अडकलेला माणूस बाहेर आला आणि त्याने मलाच विचारलं. पाऊस भुरभुरत होता आणि माझं डोकं तापलेलं होतं.

"बघितला नाही," मी म्हणाले, "मारला."

"काय?"

"मारला मी तुमचा बॉल! तो काय, तिकडे ग्रीनवर बसलाय. आजच्या दिवसातला माझा सगळ्यात देखणा फटका तुमच्या बॉलवर वाया गेला... छान वाटतंय ना?"

झालं होतं असं, की त्या आठवड्यात पुरुषांची आणि बायकांची स्पर्धा एकाच मैदानावर होती. हे महाशय शेजारच्या होलच्या पट्ट्यावर खेळत होते आणि त्यांचा बॉल भरकटून माझ्या वाटेत आला. कंपनी एकच, आणि ओळख पटावी म्हणून दोघांनीही आपापल्या बॉलवर काढलेला ठिपकाही लाल! माझा नेलपॉलिशचा, त्याचा पेनाचा. ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतालच्या हिरवळीवर, बॉल उचलल्यावर मला फरक दिसला. दुसऱ्याचा बॉल मारला की दोन फटक्यांचा दंड; कमी फटक्यांत संपवेल तो जिंकणार, तिथे दोन वाढले. आणि गोल्फमध्ये कुणी शिट्टी वाजवत मागे धावत नाही, बरं का. आपला गुन्हा आपणच हात वर करून सांगायचा. मी पंचांना बोलावलं, सांगितलं, आणि आता मागे येऊन माझा स्वतःचा बॉल शोधत होते. हे सगळं मी त्याला एका दमात ऐकवलं.

"पण... कुणी बघितलं नव्हतं ना?" त्याने हळूच विचारलं.

"मी बघितलं होतं की."

तो मग ओशाळून म्हणाला, "ठिपका बदलतो मी. निळा करू?"

"हिरवा करा. गवतात सापडायचाच नाही, म्हणजे मी तरी वाचेन."

तो हसला. मेल्याचं हसू चांगलं होतं, हे मला रागातही कळलं.

दोन दिवसांनी निम्मे खेळाडू घरी पाठवतात, त्याला कट म्हणतात. त्या दोन फटक्यांपायी माझा कट हुकला. माझी बॅग उचलतात ते माझे बाबा. आयुष्यभर बस चालवली, आणि निवृत्तीनंतर आराम करायचा सोडून लेकीच्या काठ्यांचं ओझं खांद्यावर घेतलं. त्या दिवशी बॅग आवरताना ते एवढंच म्हणाले, "जाऊ दे. गेले तर गेले दोन फटके. झोप तर शांत लागेल!" अशा बापाच्या पोटी जन्म मिळाला म्हणून मी देवाचे किती आभार मानू?

लोकांना वाटतं, ही गोल्फ खेळत जगभर फिरते, काय मज्जा! अहो, मी जगभरातली फक्त धुलाई मशीनं बघितली आहेत. पुढच्या गावातल्या हॉटेलच्या तळघरात मशीनसमोर बसले होते, तर हाच प्राणी मोज्यांचा ढीग घेऊन हजर.

"थोडी पावडर मिळेल?"

"आधी बॉल, आता पावडर. तुमचं स्वतःचं असं काही असतं का?"

"बॅग असते," तो गंभीरपणे म्हणाला. "कॅडी परवडत नाही. मीच माझा हमाल. झोपेतसुद्धा खांद्यावर बॅग असल्यासारखं वाटतं."

पावडर दिली. गप्पा सुरू झाल्या, मशीन कधीच थांबलं होतं तरी आम्ही थांबलो नव्हतो. मध्येच तो उठून माझ्या डाव्या बाजूला येऊन बसला.

"इकडे का?"

"हात ठेव असा." 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, देव जाणे.

गोल्फमध्ये एकाच हातात हातमोजा घालतात, त्यामुळे आमचा एक हात उन्हाने रापलेला आणि दुसरा फिक्का. माझा फिक्का हात डावा. हा डावखुरा, त्यामुळे त्याचा फिक्का हात उजवा. दोन्ही हात बाकावर शेजारी शेजारी आले आणि एकाच माणसाचे दिसायला लागले.

"जोडी जमली," तो म्हणाला.

"मोज्यांची जोडी जमव आधी," मी म्हणाले. पण हात काढला नाही.

मग ते अंगवळणीच पडलं. कधी तो एका खंडात, मी दुसऱ्या. कट हुकला की फोनवर एक लाल ठिपका पाठवायचा, बास. समोरच्याने मग फोन करून निव्वळ फालतू बडबड करायची, खेळाचा शब्द काढायचा नाही. त्या वर्षी मी पुष्कळ ठिपके पाठवले. बाबा त्याला 'डावखुरेबुवा' म्हणायला लागले, आणि फोन वाजला की खोलीबाहेर फेरी मारायला जायचे.

बघता बघता वर्षाची शेवटची स्पर्धा आली. माझं कार्ड जायच्या बेतात होतं. कार्ड असेल तर पुढच्या वर्षी या दौऱ्यांवर खेळायचं. नाहीतर गाशा गुंडाळून घरी, आणि मग तो जगाच्या पाठीवर कुठेतरी, मी कुठेतरी. ठिपक्यांवर किती दिवस निघणार? आम्ही दोघांनीही हे तोंडाने म्हटलं नव्हतं.

आणि नेमका शेवटच्या दिवशी सकाळी बाबांचा गुडघा सुजला. बॅग घेऊन चालवेना त्यांना.

"मी उचलतो ना बॅग," तो म्हणाला. याही वेळी स्पर्धा एकत्रच होती, आणि त्याचा कट हुकला होता. "हमालीचा दांडगा अनुभव आहे."

सकाळच्या सरावात माझा एकही फटका सरळ जात नव्हता. तो शेजारी उभा राहून स्वतःच्या काठीने उगाच छोटे छोटे बॉल उडवत राहिला, मला हसवत राहिला. मग आम्ही निघालो. पहिला होल छान गेला. दुसऱ्यावर मी फटक्यासाठी उभी राहिले, काठी मागे नेणार, तोच तो ओरडला.

"थांब! मारू नकोस!"

वळून बघितलं, तर तो पांढराफटक. बॅगेत हात घालून त्याने एक काठी वर काढली. त्याचीच. डावखुऱ्याची.

नियम चौदा काठ्यांचा. माझ्या बॅगेत पंधरा निघाल्या. खांद्यावरची बॅग म्हणजे आपलीच, या वर्षानुवर्षांच्या सवयीने त्याने सरावानंतर आपली काठी सरळ आत सारली होती. जिने मला एक फटकासुद्धा मारता येणार नाही, त्या काठीपायी दोन फटके दंड! इथेही दोनच!

मी पंचांना हात केला. दुसरं काय करणार? काठी खेळातून बाद झाली. प्रेक्षकांच्या दोरीपलीकडे बाबा लंगडत येऊन उभे होते, त्याने ती खाली मान घालून त्यांच्या हातात दिली. बाबांनी ती टेकवून बघितली.

"उंचीला बरी आहे," ते म्हणाले.

पुढचे तीन होल मी त्याच्या हातून काठी घेतली नाही, स्वतःच बॅगेतून उपसून काढली. त्याने केळं सोललं, अर्धं पुढे केलं.

"दोन फटक्यांची भरपाई अर्ध्या केळ्यात?"

"अख्खं घे."

मला हसू फुटलं. कसलं बाई माझं हे नशीब! पण हसल्याबरोबर फटके मात्र सरळ जायला लागले. एक फटका त्या पुढच्याच होलवर भरून निघाला. दुसरा काही केल्या निघेना. असं करत करत शेवटच्या ग्रीनवर आलो. बॉल भोकापासून खाटेच्या लांबीवर होता. पडला तर कार्ड, नाहीतर घर.

त्याने भोकातला झेंडा काढून हातात धरला. मी खाली वाकले, आणि न राहवून विचारलं, "तू सकाळी काठीबद्दल गप्प बसला असतास तर? कुणाला कळलं असतं?"

"मला," तो म्हणाला. "तुझ्याकडे बघताना दर वेळी कळलं असतं. आणि मला तर तुझ्याकडे... खूप वर्षं बघायचंय."

"आत्ता सांगतोस हे? आत्ता?"

"पडो, न पडो, सांगायचंच होतं. घरी गेलीस तर मी तिथे येईन. बॅग घेऊन. मार आता."

मी मारला. बॉल निघाला, कडेला गेला, भोकाच्या काठावर जरा रेंगाळला... आणि आत पडला.

कुणीतरी टाळ्या वाजवत होतं. मला काही ऐकू येत नव्हतं. त्याने मला झेंड्यासकट मिठी मारली, झेंड्याचं फडकं माझ्या तोंडावर, आणि मी त्या फडक्यातच रडत होते. "माझंही तुझ्यावर," मी म्हणाले, "त्या पहिल्या दिवसापासून. पानं होती तुझ्या केसांत." त्या भुरभुर पावसाचे, भरकटलेल्या बॉलचे, गेलेल्या चार फटक्यांचे, सगळ्यांचे मी मनातल्या मनात आभार मानत होते. त्यातला एक जरी वाचला असता तर आज हा नसता.

तेवढ्यात दोरीपलीकडून ओळखीचा, बस स्टँड दणाणून सोडणारा आवाज आला. बाबा ती पंधरावी काठी हवेत नाचवत होते.

"अहो जावईबापू! आधी झेंडा लावा जागेवर, मागची मंडळी खोळंबली आहेत!"