कडेपासून निघालेला तडा

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत तिच्या हातून तिसरी काच तडकली, तेव्हा रडू कोसळायचंच काय ते बाकी होतं. बिनफ्रेमच्या चष्म्यासाठी काचेला बारीक भोक पाडायचं काम ते. मुख्य ऑफिसने दिवसभराचं ट्रेनिंग दिलं होतं, पण पडद्यावरच्या आकृत्या बघून हात थोडाच वळतो? शेवटी तिने फुटक्या काचेचा फोटो सगळ्या शाखांतल्या कारागिरांच्या ग्रुपवर टाकला आणि मदत मागितली.

थोड्या वेळाने दुसऱ्या शहरातल्या एका कारागिराचा व्हिडिओ आला. चेहरा नाही, फक्त दोन हात. लांब बोटं, अंगठ्यावर भाजल्याची खूण... आणि शांत आवाज, "काचेवर जोर देऊ नका. ड्रिलला त्याच्या चालीने जाऊ द्या."

चौथी काच तडकली नाही.

मग तो रोज दुपारच्या सुट्टीत येऊ लागला — म्हणजे त्याचे हात. फ्रेम किती गरम करायची, लहान मुलाच्या नाकावर चष्मा कसा टिकवायचा, सगळं ती त्याच्याकडून शिकली. ग्रुपवरच्या गप्पा दोघांपुरत्या झाल्या, 'तुम्ही'चं 'तू' झालं. तो तिला तडाबाई म्हणायचा. ती लटकं रागवायची आणि दिवसभर त्याच हाकेची वाट बघायची.

पण घोडं अडलं ते भलत्याच जागी. ती शिकली! इतकी, की ग्रुपवर नवख्यांना आता तीच उत्तरं द्यायची. त्याला विचारायला काही उरलंच नाही. तोही हळूहळू गप्प झाला. काम नसताना मेसेज कशाला, असं त्याला वाटत असावं. त्या दोन हातांवाचून दुपार खायला उठायची. आपण नुसते शिकलो नाही, जीव लावून बसलोय, हे तिला तेव्हा कळलं.

एके दिवशी तिने टाकाऊ काच घेतली, टेबलावर आपटली आणि फोटो त्याला पाठवला. "परत तडकली रे. काय चुकतंय?"

बराच वेळ नुसतं 'टायपिंग' दिसत राहिलं.

"ड्रिलचा तडा भोकापासून निघतो. हा कडेपासून निघालाय. आपटलीस ना?"

तिचे कान तापले. आता लपवण्यात काय अर्थ होता?

"हो," तिने लिहिलं. "तुझा आवाज ऐकायचा होता."

पुन्हा टायपिंग... थांबलं... पुन्हा सुरू झालं.

"मी मॅनेजरकडे आठवडाभर तुमच्या शाखेत यायची परवानगी मागितली. म्हटलं, तिथली एक मुलगी लहान मुलांचे चष्मे माझ्यापेक्षा छान बसवते, शेजारी बसून शिकायचंय. ते हो म्हणालेत. माझंच पाऊल उचलत नव्हतं. तू खरं कारण विचारलंस तर काय सांगू?"

बाहेरून काउंटरवरच्या काकांनी हाक मारली, गिऱ्हाईक खोळंबलं होतं. ती जागची हलली नाही.

"मॅनेजरला चष्म्याचं कारण पुरे," तिने लिहिलं. "खरं काय ते मला... समोर बसून सांग."