अव्वाच्या उशाखाली

रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर संगमेशनं हॉलमध्ये चादर अंथरली आणि तिच्यावर कागद मांडायला घेतले. जुलै संपत आला होता, प्राप्तिकराचं विवरणपत्र भरायची मुदत तोंडावर आली होती आणि कर सल्लागारानं मागितलेले कागद घरभर विखुरलेले होते. कंपनीचा फॉर्म सोळा सापडला. बँकेचा व्याजाचा दाखला सापडला. विम्याच्या हप्त्याची पावती मात्र काही केल्या मिळेना.

"पवित्रा, विम्याची पावती कुठं ठेवलीस काय गं?"

"तुमच्या कागदांना मी हातबी लावत न्हाय," बायको आतूनच म्हणाली. "नंतर ऐकून घ्यायला लागतंय."

संगमेश उद्यमनगरातल्या एका कारखान्यात मशीनच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं करायचा. केसाएवढा फरकसुद्धा त्याच्या नजरेतून सुटत नसे. पावती बेडरूममधल्या कपाटात, वरच्या कप्प्यात ठेवल्याचं त्याला पक्कं आठवत होतं. त्यानं कप्पा पुन्हा रिकामा केला. नव्हती.

संध्याकाळी अव्वाची चादर बदलताना ती तिच्या उशाखाली निघाली.

अव्वा म्हणजे त्याची आई, चन्नम्मा. दोन वर्षांपूर्वी झटका आला आणि तिची उजवी बाजू लुळी पडली, वाचाही गेली. तेव्हा ती शिरोळकडच्या घरी होती. अप्पांनी, म्हणजे संगमेशच्या वडलांनी, तिचं सगळं केलं. अंघोळ, भरवणं, अगदी वेणी घालणंसुद्धा. गेल्या हिवाळ्यात अप्पा झोपेतच गेले. संगमेशनं त्या घराला कुलूप घातलं आणि अव्वाला राजारामपुरीतल्या आपल्या फ्लॅटवर आणलं. त्यानंतर पलंग हेच तिचं जग झालं होतं.

पावती पवित्रानं ठेवली असेल, असं संगमेशला वाटलं. संगमेशनं ठेवली असेल, असं पवित्राला. विषय तिथंच मिटला.

दुसऱ्या दिवशी तो गृहकर्जाच्या व्याजाचा कागद शोधत होता. शोधून दमला आणि चहाला बसला. पवित्रा अव्वाला कुशीवर वळवायला गेली होती. तिची हाक आली. "अवो, इकडं या जरा."

कागद उशाखाली होता. सरळ, एकही चुणी नसलेला. अव्वा दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. किती दिवसांनी तिच्या डोळ्यांत मिश्कीलपणा दिसत होता.

"म्हंजे ती उठती!" संगमेशचा आवाज चढला. "आपण नसताना उठती, चालती! कळलं का तुला?"

"कपाटाची कडी मला दोन हातांनी ओढायला लागती," पवित्रा हळूच म्हणाली.

ते त्याला ऐकायचंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी अव्वाला व्यायाम द्यायला निशिगंधा आली, तेव्हा तो मुद्दाम कामावर उशिरा गेला. निशिगंधानं अव्वाच्या उजव्या तळव्याला हात लावला. "ढकला बघू, आजी." पाय हलला. निशिगंधानं पुन्हा ढकलायला लावलं.

"जोर आलाय की ओ पायात! गेल्या आठवड्यात काईच नव्हता."

"चालत असंल का?"

"न्हाय ओ दादा. उभं करायलाच अजून लई दिवस जातील." पण बोलताना तीही हसत होती.

त्या संध्याकाळी संगमेशनं जिलबी आणली. बारीक तुकडे करून अव्वाला भरवता भरवता त्यानं पवित्राला सांगितलं, आता एकच कागद राहिला, अव्वाच्या अपंगत्वाचा दाखला. तो शिरोळच्या घरात, अप्पांच्या ट्रंकेत होता. पण कृष्णा पात्राबाहेर पडली होती, रस्ता पाण्याखाली गेला होता आणि तिकडची एसटीही बंद होती.

"ऱ्हाऊ दे. त्याच्याशिवायच भरू यंदा."

अव्वा चघळत ऐकत होती. "हं," ती म्हणाली. एवढाच एक आवाज तिच्याकडं उरला होता.

दुसऱ्या दिवशी संगमेश कामावरून आला, तर पवित्रा दाराबाहेर जिन्यात बसलेली. दार तिनं उघडंच ठेवलं होतं.

"दिवसभर घरातनं हलले न्हाय मी," ती म्हणाली. "कुणी आलं न्हाय, कुणी गेलं न्हाय. आता आत जाऊन बघा."

उशी सरकवलेली होती. प्लॅस्टिकच्या पाकिटात दाखला होता. पाकीट बाहेरून ओलसर होतं आणि त्याला ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास येत होता. संगमेशचा हात आपसूक खिशाकडं गेला. शिरोळच्या कुलपाची किल्ली जुडग्यातच होती.

त्यानं अव्वाच्या पायांवरची चादर उचलली.

दोन्ही तळवे चिखलानं माखले होते. काळाभोर, नदीकाठचा चिखल, अजून ओला. बोटांच्या बेचक्यात उसाच्या पाल्याचा तुकडा अडकला होता.

पवित्रानं घमेल्यात कोमट पाणी आणलं आणि ती पलंगाच्या पलीकडं, भिंतीशी जाऊन उभी राहिली. संगमेश दाराकडं पाठ करून खाली बसला आणि आईचे पाय धुऊ लागला.

उजव्या पायाचा अंगठा त्याच्या तळहातात वळला. मग सगळी बोटं वळली. अव्वानं पाय उचलून स्वतःच पाण्यात ठेवला.

"अव्वा!" त्याला हसू आणि रडू एकदमच आलं. भीती कुठल्या कुठं गेली. पवित्राही ओल्या डोळ्यांनी हसली. "उद्या उभी ऱ्हाणार ही! बघच तू!" संगमेश तिला म्हणाला.

अव्वाची नजर त्याच्या खांद्यावरून मागं गेली, दाराकडं.

"बसा म्हण की," ती म्हणाली.

शब्द अगदी स्वच्छ होते.

पवित्रानंही दाराकडं बघितलं. तिथं कुणी नव्हतं.

"कुणाला, अव्वा?" संगमेशनं विचारलं.

अव्वाचा उजवा हात उचलला गेला. उशालगतचा टॉवेल तिनं ओढला आणि, अप्पा बाहेरून घरात आले की पदर घ्यायची तसा, डोक्यावरून नीट घेतला.