सागरतळाच्या दारात ‘समटाइम्स’

वाक्यात ‘समटाइम्स’ बसवायचा कुठे? रेणूने त्याला सुरुवातीला बसवून पाहिलं, मध्ये कोंबलं, शेवटी ढकललं. वाक्य काही केल्या सरळ होईना.

आईबरोबर ती देवगडपुढच्या धक्क्यावर उभी होती. खाली, समुद्राच्या तळाशी, शैवालकेंद्र होतं. रेणूचे बाबा तिथे शेवाळापासून औषध बनवत होते आणि गणपतीनंतर घरी आलेच नव्हते. आज घरच्यांना खाली जाऊन भेटायची परवानगी होती. पण आधी दारावरच्या टिटवी नावाच्या यंत्राला तब्येतीची उत्तरं द्यायची, तीही इंग्रजीत. खाली अनेक देशांची माणसं राहत आणि संकटात सगळ्यांना कळेल अशी ती एकच भाषा होती.

आईने रेणूची कॉलर उगाचच नीट केली. “विचारलंच तर ‘नेव्हर’ म्हणायचं. म्हणजे कधीच नाही. धाप लागते वगैरे सांगत बसू नकोस, इथूनच परत पाठवतील.”

“पण जिना चढताना लागते की कधीकधी!”

“शू! कुणी विचारलं की आपण ‘मजेत’ म्हणतो ना? तसंच.”

टिटवीचा निळा दिवा लागला. “हाऊ ऑफन आर यू ब्रेथलेस?” (तुला किती वेळा धाप लागते?)

“आय… नेव्हर… नॉट ॲम… नेव्हर आय…”

दिवा पिवळा झाला. “समजलं नाही. आधी मराठीत सराव करू या?”

“अय्या, तुला मराठी येतं? मग मराठीतच विचार की गं!”

“नियम माझा नाही. पण समजावू शकते. ऑलवेज, ऑफन, समटाइम्स, नेव्हर हे वारंवारतेचे शब्द (एखादी गोष्ट किती वेळा घडते ते सांगणारे). मराठीत ‘रेणूने मासा पाहिला’ म्हण, नाहीतर ‘मासा रेणूने पाहिला’ म्हण. पाहणारी कोण ते ‘ने’ या प्रत्ययावरून (शब्दाला जोडलेल्या शेपटीवरून) कळतं. इंग्रजीत शेपट्या कमी, म्हणून शब्दाची ओळख बरीचशी जागेवरून पटते.”

“आमच्या नव्या सरांसारखं! मी ईशानीच्या बाकावर बसले की मला ईशानीच म्हणतात.”

“तसंच. आता, ‘मी कधीकधी खोकते.’ खोकणं ही कृती. वारंवारतेचा शब्द कृतीच्या लगेच आधी बसतो. आय समटाइम्स कफ.”

“मग, आय समटाइम्स ॲम ब्रेथलेस?”

“ॲम, इज, आर म्हणजे आपलं ‘आहे’. त्यांच्या मात्र तो नंतर बसतो.”

“एकदा आधी, एकदा नंतर! मी पार गोंधळले.”

“आणखी एक. ‘कॅन’सारखं मदतनीस क्रियापद आलं, तर तो मदतनीस आणि कृती यांच्या मध्ये.”

रेणूने डोळे मिटले. “थांब हं… मला नेहमी पोहता येतं… आय कॅन ऑलवेज स्विम?”

“बरोबर!”

“पण आमच्या बाई ‘समटाइम्स आय…’ अशी सुरुवात करतात!”

“समटाइम्सला सुरुवातीला किंवा शेवटी बसलेलं चालतं. ऑलवेज आणि नेव्हरला सहसा नाही.”

“लाडोबा आहे नुसता!” रेणू म्हणाली. मग तिचा चेहरा उतरला. “जागा चुकली तर परत पाठवशील?”

“छे, पुन्हा विचारेन. पण शब्दच खोटा असला, तर मला कळणार कसं? खाली हवेचा दाब जास्त आहे. ‘नेव्हर’ म्हणणाऱ्यांचा पाळणा (खाली नेणारी लिफ्ट) भराभर उतरतो. धाप लागणाऱ्याची छाती त्यात आवळू शकते.”

रेणूने आईकडे पाहिलं. आईने पर्समधला, धाप लागली की ओढायचा पंप घट्ट धरला होता. ‘नेव्हर’ म्हटलं की बाबा. ‘समटाइम्स’ म्हटलं तर कदाचित घरचा रस्ता. मग आईने हळूच मान हलवली, जणू म्हणत होती, सांग खरं ते.

“आय ॲम… समटाइम्स… ब्रेथलेस,” रेणू म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

टिटवीने तिला एका नळीत जोरात फुंकायला लावलं. दिवा काही क्षण पिवळाच राहिला आणि मग हिरवा झाला. “पाळणा सावकाश उतरेल. पंप हातात ठेवायचा. खाली डॉक्टर दाराशीच असतील.”

“म्हणजे… जाऊ देताय तिला?” आईचा विश्वास बसेना.

“नीट नेता यावं म्हणूनच तर विचारते, ताई. आता तुम्ही. हाऊ ऑफन आर यू वरीड?” (तुम्हाला किती वेळा काळजी वाटते?)

आईने एक दीर्घ श्वास घेतला. “आय ॲम ऑलवेज वरीड.”

“आई! अगदी बरोब्बर जागी बसवलास!” रेणू ओरडली.

“काळजी पाळण्यात चालते,” टिटवी म्हणाली आणि दार उघडलं.

पाळणा संथपणे हिरव्या पाण्यात उतरू लागला. चंदेरी माशांचा थवा काचेवरून सरकत गेला. रेणू खाली बघत होती. तळाशी दिवे लुकलुकले आणि एका गोल खिडकीमागे कुणीतरी दोन्ही हात हलवताना दिसलं.