दुपट्याचं चौथं टोक

विश्वास ठेवाच, असा माझा आग्रह नाही. सख्ख्या बहिणीने ठेवला नाही, तिथे तुमच्यावर काय जबरदस्ती करणार?

पण घडलं ते खरं आहे. माझ्या डोळ्यांदेखत घडलं. आणि रात्री-अपरात्री नाही... भर दुपारी, लख्ख उजेडात, तिसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत.

मी नर्स आहे. बाळंतिणींच्या वॉर्डात. मूल जन्मलं की पुसायचं, वजन करायचं, दुपट्यात घट्ट गुंडाळायचं आणि आईच्या कुशीत द्यायचं. इतकी वर्षं हेच केलंय. डोळे मिटून करेन.

हे ‘डोळे मिटून’ मी लोकांना कौतुकाने सांगायचे. तेच माझ्या अंगाशी आलं.

आम्ही दोघीच बहिणी. आई लवकर गेली. धाकटीला मीच न्हाऊमाखू घातलं, मीच तिचं लग्न लावून दिलं. माझं राहून गेलं ते गेलंच. तिला मुलगा झाला तेव्हा गुंडाळायला मीच होते. गुबगुबीत, आणि दूध प्यायला की ओठांवर पांढऱ्या मिशा. म्हणून त्याला आम्ही बोका म्हणायचो.

धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला. तिची रजा संपली. तिचा नवरा बसचा ड्रायव्हर, तो पहाटे जायचा तो संध्याकाळीच यायचा. माझी रात्रपाळी होती. मग ठरलं, की दुपारी बोका मावशीकडे. मी सकाळी घरी जाऊन थोडी झोप काढायचे आणि जेवणाच्या वेळेला धाकटीकडे हजर. ती माझ्या हातात पोर द्यायची आणि चप्पल घालता घालता सूचना द्यायची.

“ताई, नीट घट्ट गुंडाळ हं. सैल राहिलं की उठतो.”

“बाई गं, मला शिकवतेस?”

सगळं छान चाललं होतं. मग एक दिवस बोका पालथा पडला.

धाकटीने फोनवर ओरडून सांगितलं. कासवासारखी मान वर काढून बघतो म्हणे! पण मुलांचे डॉक्टर हसले नाहीत. “आता गुंडाळणं बंद,” ते म्हणाले. “हात आत बांधलेले असताना पालथा पडला, तर तोंड वर उचलायचं कशाने? गुदमरेल.”

हे मलाही माहीत होतंच. पण एकदम बंद केलं तर मूल झोपत नाही. स्वतःच्याच हातांनी दचकतं. म्हणून मी धाकटीला म्हटलं, जोवर पाठीवर निजतोय तोवर आधी एक हात बाहेर काढू, मग दुसरा, आणि मग दुपटंच काढून टाकू. आणि तो झोपलेला असताना मी खोलीतून हलणार नाही.

पहिल्या दिवशी उजवा हात मोकळा सोडला. बोक्याने तो स्वतःच्याच नाकावर आपटला आणि कुणीतरी आपल्याला मारलं, अशा थाटात भोकाड पसरलं. मी हसत हसत थोपटत बसले. झोपला एकदाचा. मी दोन मिनिटं बाटली विसळायला ओट्याशी गेले.

तेवढ्यात आवाज आला.

फट्...

धुतलेली चादर वाळत घालताना झटकतो ना, तसा. एकच.

मला वाटलं, वरच्या गच्चीत कुणी कपडे वाळत घालतंय.

परत आले तर बोका शांत झोपला होता. आणि त्याचा उजवा हात...

आत होता.

मूल स्वतः हात बाहेर काढतं. आत घालून वरून कापड खोचत नाही. पण माणूस आधी स्वतःवरच संशय घेतो. मला वाटलं, रात्रभराची जागी आहे, मीच घातला असेल सवयीने.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी दोन्ही हात मोकळे सोडले होते. तोंडावर पाणी मारायला म्हणून गेले... फट्... आणि दोन्ही हात आत.

त्या दिवशी मी नीट बघितलं. 

आम्ही जिवंत मूल गुंडाळतो तेव्हा त्याचे हात कोपरात दुमडून छातीवर ठेवतो. पोटातही ते तसंच असतं.

बोक्याचे हात सरळ होते. अंगाला चिकटवून, खाली ताणून.

वॉर्डात असं एकाच बाळाला गुंडाळतात. जे जन्मून रडतच नाही त्याला. हात सरळ. पायाकडचं टोक वर. डावं टोक, उजवं टोक. आणि चौथं...

चौथं टोक चेहऱ्यावरून घेऊन डोक्याखाली खोचतात.

बोक्याचं चौथं टोक अजून खांद्यावर होतं.

मी ते सोडवलं. तो झोपेतच हसला. मी मात्र त्याला छातीशी धरून धाकटी येईपर्यंत फेऱ्या मारत राहिले.

“तू याला परत गुंडाळलंस का?” मी तिला विचारलं. दुकानातून मध्येच घरी डोकावून गेली असेल, असा काहीतरी वेडा हिशेब माझ्या डोक्यात होता.

“मी? मी कामावर होते ताई. घरात तूच होतीस.”

हे वाक्य ती साधेपणाने बोलली. पण बोलून झाल्यावर तिलाच ते ऐकू आलं असावं. माझ्याकडे एक क्षण जास्तच बघत राहिली.

संध्याकाळी तिच्या नवऱ्याने मला गोड शब्दांत समजावलं. भला माणूस. “ताई, तुम्ही थकता हो. बसचे ड्रायव्हरही डोळे उघडे ठेवून झोपतात, मी पाहिलंय. झोपेत हात आपलं काम करत राहतात. तसं झालं असेल.”

मी मान डोलावली. दुसरं काय करणार? मलाही तेच खरं असायला हवं होतं.

पुढच्या दुपारी मी घरातली सगळी दुपटी गोळा केली, पेटीत घातली आणि पेटीवर धुण्याची बादली ठेवली. चादरीसुद्धा काढल्या. कठड्याच्या खाटेत नुसती गादी. बोक्याच्या अंगात नुसतं झबलं. मी त्याच खोलीत, खाटेकडे तोंड करून, खुर्चीवर बसले. झोप येऊ नये म्हणून फाटका परकर शिवायला घेतला.

बोका झोपला. हात डोक्याच्या दोन्ही बाजूंना टाकून, शरण आल्यासारखा. मधूनच दचकायचा, हाताची मूठ गादीवर आपटायची. टप्... मग परत शांत. टप्... परत शांत.

छान वाटत होतं खरं तर. सवय मोडत होती त्याची.

सुईतला दोरा संपला. मी मान खाली घालून नवीन दोरा ओवला. सुईच्या भोकाकडे डोळे बारीक करून बघायला कितीसा वेळ लागतो?

आणि तेवढ्यात मला जाणवलं...

टप् आवाज बंद झाला होता.

फट्.

या वेळी तो गच्चीतून आला नाही. माझ्या खुर्चीच्या मागून आला. माझ्या मानेवरचे केस त्या वाऱ्याने हलले.

मी वर बघितलं.

खाटेत एक पांढरी पुरचुंडी होती. चारही टोकं नीट खोचलेली. चेहरा दिसतच नव्हता.

आणि ती पालथी होती.

मी ओरडले की नाही, आठवत नाही. त्याला उचललं, उताणं केलं, ते कापड ओढलं. सुटेना. इतकं घट्ट होतं की दातांनी ओढलं. फाटलं. आतून बोक्याचा चेहरा निघाला... जांभळा. डोळे उघडे. मी पाठीवर चोळलं, नावाने हाका मारल्या.

मग तो रडला. जन्मल्यावर रडला होता तसा.

त्याच क्षणी दारात चावी फिरली.

दुकानातली वीज गेली होती म्हणून धाकटी लवकर आली होती. तिने काय पाहिलं? खाली पडलेली सुई. जांभळा पडलेला मुलगा. आणि बहीण, दातांत पांढरं कापड धरून उभी.

तिने पोर माझ्याकडून ओढून घेतलं.

“धाकटे, ऐक. हे मी नाही...”

“हे कापड आपल्या घरातलं नाही,” ती म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली आला होता. “असलं कापड तुमच्या हॉस्पिटलात असतं.”

असतं. तसंच असतं, बिनशिवणीचं. पण आमच्या कापडाच्या कोपऱ्यावर शाईचा शिक्का असतो. यावर नव्हता. मी चारही कोपरे तिच्यापुढे धरले. तिने बघितलंसुद्धा नाही.

“ही अशी गुंडाळायची पद्धत घरात कुणाला येते ताई? मला येते? त्यांना येते?”

“अगं, अशी पद्धत मी जिवंत मुलाला...”

अर्धं वाक्य बोलून मी थांबले. फार उशिरा थांबले.

धाकटीच्या डोळ्यांत जे उतरलं ते मी कधी विसरणार नाही.

“तुला मूल झालं नाही,” ती म्हणाली, “म्हणून माझं बघवत नाही तुला. जा इथून. चावी ठेव आणि जा.”

ज्या पोरीची वेणी मी घातली होती, तिने. मी चावी ठेवली. दुपटी पेटीत आहेत एवढं सांगितलं आणि जिना उतरले.

त्यानंतर बरेच दिवस काही नाही. मी फोन केला की ती कापायची. मी स्वतःला समजावलं, की आता मी तिथे नाही, म्हणजे प्रकार थांबला असेल. म्हणजे मीच करत होते. खरं सांगते, मला ते चाललं असतं. वेडी म्हणा, पण बोका सुखरूप.

मग एका दुपारी तिच्या नवऱ्याचा फोन आला. डेपोतून. मागे इंजिनांचा आवाज.

“ताई, कुलूप बदललंय आम्ही. तरीपण तुमच्याकडे दुसरी चावी नाही ना?”

“नाही. का?”

तो इंजिनांच्या आवाजापासून दूर गेला.

“रोज संध्याकाळी तो गुंडाळलेला असतो. पांढऱ्या कापडात. मी फेकून देतो, दुसऱ्या दिवशी नवीन असतं.”

“धाकटी कुठे असते?”

“तिने नोकरी सोडली. घरीच असते. मी तिला म्हटलं, बघ, ताई येत नाहीत तरी चाललंय, म्हणजे त्यांनी केलं नव्हतं. तर म्हणते, राहू दे. असा छान झोपतो. हूं की चूं करत नाही.”

“चौथं टोक कुठे असतं?” मी विचारलं.

“म्हणजे?”

“कापड कुठपर्यंत असतं त्याच्या? खांदा? हनुवटी?”

पलीकडून कुणीतरी त्याला हाक मारली. त्याने फोन ठेवला.

मी तशीच निघाले. धाकटीच्या घरामागच्या बोळात एक कुलपं दुरुस्त करणारा बसतो, त्याच्या टपरीशेजारी उभी राहिले. मागच्या खोलीची खिडकी तिथून दिसते. ऊन थेट आत पडलेलं. सगळं स्वच्छ दिसत होतं.

धाकटी खिडकीत होती. हातात पांढरी पुरचुंडी. ती डुलत होती, हसत होती, आणि बोलत होती.

बोक्याशी नाही. शेजारी बघून. भिंतीच्या आड कुणी उभं असेल, तशी. पूर्वी माझ्याशी बोलायची ना, अगदी तशी... मान तिरकी करून, मध्येच हसून.

तिचा नवरा डेपोत होता. घरात तिसरं माणूस नव्हतं.

तेवढ्यात तिला मी दिसले. तिचं हसू मावळलं. ती शेजारी वळून काहीतरी म्हणाली आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

मग तिने दोन्ही हात पुढे केले आणि बोक्याला भिंतीच्या आड दिलं.

हात परत आले ते रिकामे.

बाळ खाली ठेवताना बाई वाकते. ती वाकली नाही. तिने ते कुणाच्या तरी हातात दिलं.

मी धावत वर गेले. बेल वाजवली, दार बडवलं, नावाने हाका मारल्या. शेजारचे बाहेर आले. धाकटीने दार उघडलं नाही. आतून फक्त एकदाच आवाज आला.

फट्...

शेजाऱ्यांनी मला खाली आणून सोडलं. “बाई, तुम्हाला बरं नाही,” म्हणाले.

त्यांनी घर बदललं. कुठे, ते मला कळवलं नाही. बोका जिवंत आहे, एवढं मला माहीत आहे. परवा मी बसमध्ये चढले तर समोर धाकटीचा नवरा, स्टिअरिंगवर. केस पिकलेत. मी त्याच्या मागच्या आडव्या दांड्याला धरून उभी राहिले.

“बोका कसा आहे?”

“बरा आहे. चालतो आता. फार शांत पोर आहे. रडतच नाही.”

“आणि धाकटी?”

“मजेत. आता तिला घरात मदत आहे ना.”

“कुणाची?”

त्याने आरशात माझ्याकडे बघितलं. चकित झाल्यासारखं, मी काहीतरी वेडगळ विचारल्यासारखं.

“कुणाची म्हणजे?” तो म्हणाला. “मावशी आहे की त्याची.”

कंडक्टरने घंटी दिली. बस सुटली. मला कुठे उतरायचं होतं, ते मला शेवटच्या थांब्यापर्यंत आठवलं नाही.