दिपमालाचा पाचवा गिअर

धरणगावहून जळगावकडे येताना, जिनिंगच्या लांब भिंतीपाशी, दिपमालाच्या गाडीनं दम सोडला. पाय कितीही दाबला तरी गाडी ओढेना. मागून काळा धूर, इतका की आरशात रस्ताच दिसेना. आणि त्या धुरातून कापसाच्या ट्रकचा भोंगा... जवळ, अजून जवळ.

तिनं गाडी कच्च्यात उतरवली आणि डोळे गच्च मिटले. ट्रक निघून गेला. गाडी थरथरत राहिली. की आपणच थरथरतोय, हे तिला कळेना.

काचेवर टकटक झाली.

"मॅडम, बऱ्या आहात ना?"

मोटारसायकल उभी करून एक तरुण वाकून बघत होता. सदऱ्याच्या खिशात पाना, केसांत कापसाचा एक पुंजका अडकलेला.

"बंद करू नका, चालूच ठेवा," असं म्हणून तो मागे गेला. धुराच्या नळीपुढे त्यानं तळहात धरला आणि परत येऊन तो तिच्यासमोर उघडला. तळहात काळाकुट्ट.

"ही घ्या तुमच्या गाडीची पत्रिका."

"यात हसण्यासारखं काय आहे?"

"हसलो नाही. तोंडच तसं आहे माझं." त्यानं हात पँटला पुसला. "मी भूपेंद्र. साक्रीकडचा. पिंप्राळ्यात गॅरेज आहे, तुमच्या शाळेच्या रस्त्यावर."

"माझी शाळा तुम्हाला काय माहीत?"

"रोज साडेदहाला ही गाडी माझ्या दारावरून जाते ना... सायकलवाले तिला मागे टाकतात."

एरवी ती हसली असती. पण तिच्या डोक्यात बुधवार होता. बुधवारी तिच्या वडिलांना, लीलाधर आबांना, धुळ्याच्या दवाखान्यात न्यायचं होतं. मागच्या वर्षी आबांना हृदयविकाराचा झटका आला होता. तेव्हापासून दुसरं कुणी चालवत असेल तर ते गाडीत बसत नसत. बसमध्ये जीव घाबरा होई, भाड्याच्या गाडीत घाम फुटे. फक्त दिपमाला. आणि दिपमालाची गाडी आज अशी... नव्वद किलोमीटरच्या रस्त्यात कुठे थांबली, आणि आबांनी छातीला हात लावला, तर?

"बुधवारपर्यंत होईल?" तिनं विचारलं. आवाज तिला स्वतःचा वाटला नाही.

भूपेंद्रनं तिच्याकडे बघितलं. या वेळी त्याचं तोंड हसरं नव्हतं.

"करू," तो म्हणाला.

शनिवारी शाळा सुटल्यावर ती गॅरेजवर गेली. बॉनेट उघडं होतं आणि बाकावर एक जाडजूड नळकांडं पडलं होतं.

"हे मॅनिफोल्ड. इंजिन यातून श्वास घेतं. आत बोट घाला."

तिनं करंगळी घातली. मूठ जाईल एवढी वाट, पण आता करंगळीच कशीबशी शिरली. बोट बाहेर आलं ते डांबर लागल्यासारखं.

"बाई गं... हे आलं कुठून?"

"या गाडीत अशी सोय असते की जळलेला थोडा धूर परत आत सोडायचा. त्या धुराची काजळी, आणि इंजिनातून येणारी तेलाची वाफ. दोन्ही मिळून चिकटतं. चुलीच्या धुराड्यात धरतं ना, तसं. इंजिन तापलं, पळालं, तर कमी धरतं. पण तुम्ही..."

"मी काय?"

"रागावणार नसाल तर सांगतो."

"सांगा की."

"तुम्ही भीत भीत चालवता."

त्यानं गाडीचं दार उघडून गिअरच्या मुठीकडे बोट दाखवलं. "एक ते चार, सगळे आकडे पुसट झालेत. पाच बघा, नवा कोरा. पाचवा कधी टाकलाच नाही ना? घरून निघायचं, दोन मिनिटांत चौथा, आणि चाळीसच्या वर जायचं नाही. इंजिन बिचारं गुदमरतं."

"आबांनी सांगितलंय. हळू चालवलं की डिझेल वाचतं, इंजिन टिकतं, माणूस टिकतो."

"माणसाचं खरंय," भूपेंद्र हळूच म्हणाला. "पण इंजिनाचं उलटं आहे."

मग त्यानं एक डबा पुढे ओढला. डब्यात काजळी विरघळवणारं पाणी होतं, आणि तो लाकडी काडीनं नळकांड्यातला थर सोडवू लागला. लोखंडानं का नाही खरडायचं, तिनं विचारलं. ओरखडा पडतो, आणि ओरखड्यात काजळी लवकर धरते. चालू इंजिनात औषध फवारून का नाही भागत? भागतं कधीकधी, पण एवढं साचलं असेल तर नाही. खपली सुटून आत गेली तर इंजिनाचा जीव जातो.

"दुसरी काडी आहे?"

"हात काळे होतील, मॅडम."

"तुमचे झालेत तेवढेच होतील ना?"

त्यानं काडी दिली. देताना दोघांची काळी बोटं जरा एकमेकांना लागली. मग बराच वेळ काड्या फारच मन लावून खरडत राहिल्या.

"मॅडम म्हणू नका," ती खाली बघतच म्हणाली.

"मग काय म्हणू?"

"आईबापांनी नाव ठेवलंय."

"दिप—" तो अडखळला, "—माला."

"तुकड्यांत नाही. एकदाच म्हणायचं."

रविवारी संध्याकाळी, ऊन अजून पत्र्यावर असताना, सगळं परत जोडून झालं. गाडीचं तोंड गॅरेजच्या भिंतीकडे. भिंतीला लागून अवजारांचा बाक. हवेच्या डब्याचं झाकण अजून लावायचं होतं, म्हणून इंजिनाच्या श्वासाची नळी उघडीच होती.

भूपेंद्रनं तिला गाडीत बसवलं.

"तुमची गाडी, तुम्हीच चालू करा. फक्त एक ऐकून ठेवा. साफ केल्यावर आत कुठे तेल राहिलं, तर डिझेल इंजिन ते तेल पिऊन आपलं आपण पळत सुटतं. किल्लीनं थांबत नाही. तसं झालं तर ब्रेक गच्च दाबायचा, क्लच दाबून पाचवा टाकायचा आणि क्लच एकदम सोडायचा. जड गिअरनं इंजिनाचा गळा दाबला जातो."

"मला कशाला घाबरवता?"

"घाबरवत नाही. प्रत्येकाला सांगतो. आजवर कधी झालं नाही."

तिनं किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. कसं गोड... किती महिन्यांनी असा आवाज! भूपेंद्र गाडीसमोर उभा राहून तिच्याकडे बघून हसला. तीही हसली.

मग आवाज चढला.

तिनं पाय बघितला. पाय जमिनीवर होता. आवाज अजून चढला. मागून पांढरा धूर लोटला आणि गॅरेज भरून गेलं. तिनं किल्ली फिरवली, उपसून काढली. किल्ली हातात, आणि इंजिन किंचाळतच होतं. काचा थरथरल्या, बाकावरचे पाने उड्या मारू लागले.

भूपेंद्रनं एक फळी उचलली आणि उघड्या नळीच्या तोंडावर दाबली. फळी नीट बसेना. कडेनं हवा आत जातच होती. आवाज थोडा उतरे, पुन्हा चढे. तो दोन्ही हातांनी फळी रेटत होता. मागे बाक, पुढे गाडी, मध्ये तो.

"पाचवा!" तो ओरडला. "पाचवा टाका!"

तिचा हात मुठीवर गेला आणि तिथेच गोठला. ब्रेक सुटला तर? पाय घसरला तर? गाडी एक हात जरी पुढे गेली तरी तो बाकावर चिरडला जाईल. तिच्या हातानं.

"बाजूला व्हा आधी!"

"फळी काढली तर इंजिन फुटेल! बुधवार—"

"फुटू दे!" तिचा गळा फाटला. "गाडी जाऊ दे, बुधवार जाऊ दे... भूपेंद्र, तू बाजूला हो!"

त्यानं तिच्याकडे बघितलं. एकच क्षण. मग फळी टाकून त्यानं बाजूला उडी घेतली.

इंजिन दुप्पट किंचाळलं. दिपमाला ब्रेकवर जवळजवळ उभी राहिली. क्लच. मूठ उजवीकडे, वर... तिथे तिचा हात कधीच गेला नव्हता. खट्. तिनं क्लच सोडला.

गाडीनं एक जबर हिसका दिला. वीतभर पुढे सरकली. आणि सगळं थांबलं.

एवढी शांतता की तापलेल्या पत्र्याची टकटक ऐकू येत होती. गाडीचं नाक आणि बाक यांच्यात हात कसाबसा शिरला असता. भूपेंद्र जिथे उभा होता, तिथेच.

दार उघडून ती बाहेर आली आणि तिथेच जमिनीवर बसली. तो पाणी घेऊन आला. तांब्या त्यानं तिच्यापुढे ठेवला.

"खाली एक नळी असते," तो म्हणाला. "तिच्यात तेल साचतं. ती काढून पालथी करायची असते. अकरा वर्षं करतोय, एकदाही राहिलं नाही. काल राहिलं."

"कसं राहिलं?"

त्यानं पडलेली फळी उचलून भिंतीला टेकवली.

"कसं राहिलं, भूपेंद्र?"

"तुमच्या गालावर काजळी लागली होती," तो म्हणाला. "सांगावं की नको... या विचारात होतो."

ती उठली आणि सरळ घरी गेली.

सोमवारी ती गॅरेजवर गेली नाही. रात्रभर तिला तेच दिसत होतं: बाक, गाडी, मध्ये तो. इंजिन फुटण्याची भीती तिला एकदाही वाटली नव्हती, हे तिला उजाडता उजाडता कळलं. आणि त्या जाणिवेनं ती अधिकच घाबरली.

मंगळवारी संध्याकाळी दारात गाडी येऊन थांबली. भूपेंद्रनं दोन दिवस सगळं पुन्हा उघडून तपासलं होतं. इंजिन वाचलं होतं. आबा ओट्यावर बसले होते. तो त्यांच्यासमोर उभा राहिला आणि थेट अहिराणीत बोलला.

"आबा, गाडी बिघडता बिघडता वाचनी. चूक मनी शे. नळी पालथी कराले मी भुली गयथू."

आबांनी त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"मनी अंडेर, मनी पोर, दोन दिनफाईन जेवनी नही," ते म्हणाले. "ती बी तुनीच चूक का?"

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. भूपेंद्रची मान खाली गेली.

"जो सोतानी चूक सांगस, त्याले मी भ्यास नही," ते म्हणाले. "सकाय बुधवारले तू बी चाल धुयाले, दवाखानामा. पुढे बठ."

बुधवारी एरंडोल मागे पडल्यावर रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंनी वेचणीला आलेली कपाशी. भूपेंद्र तिच्या शेजारी बसला होता, गुडघ्यांवर हात ठेवून, परीक्षेला बसल्यासारखा. मागे आबा, दोन्ही हातांनी सीट धरून.

"आता तिसऱ्यातच ठेवा," भूपेंद्र म्हणाला. "पाय दाबा. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा तीन हजारावर जाऊ द्या. इंजिन तापू दे, उरलीसुरली काजळी जळू दे."

"हळू चालाड व माय!" मागून आबा.

"आबा, दहा मिनिटं फक्त," भूपेंद्र म्हणाला. "गाडीलाही मोकळा श्वास लागतो."

दिपमालानं दात आवळले आणि पाय दाबला. गाडी गरजली. तोच, रविवारचा चढता आवाज. तिनं घाईनं पाय उचलला. आवाज उतरला. पुन्हा दाबला, चढला. उचलला, उतरला. हा आवाज तिचं ऐकत होता.

तिनं आरशात बघितलं. धुराचा एक काळा ढग मागे राहिला, मग दुसरा फिकट, आणि मग नुसता रस्ता.

"दर रविवारी असं वीस किलोमीटर पळवायची," भूपेंद्र म्हणाला. "मग साचणार नाही. पण एकटीनं नको. सोबत कुणी तरी हवं."

"कसं कुणी?"

"ज्याला भीती वाटते असं कुणी. भिणारा माणूस रस्त्याकडे नीट बघतो."

"आणि तू कुठे बघतोस?"

तो एकदम समोर बघू लागला. कान लाल.

"आज... रस्त्याकडेच."

"दिपमाला म्हण. शनिवारी नीट म्हणता आलं नव्हतं तुला."

"दिपमाला," तो म्हणाला. एकदाच. नीट.

मागच्या सीटवर आबांनी घसा खाकरला.

"मंग रविवारले मी घर ऱ्हासू," ते म्हणाले. "माले काय एवढी हाऊस नही."

पारोळ्याच्या अलीकडे तिनं पाचवा टाकला. तेवढ्यात समोरून कापसाचा ट्रक आला, उंच, डुलत, भोंगा वाजवत. दिपमालाचा श्वास अडकला. नेहमी अडकायचा तसाच. पण तिचा हात चौथ्याकडे परत गेला नाही. तो पाचव्यावरच राहिला... कारण त्याच्यावर दुसरा एक हात अलगद येऊन टेकला होता, नखांत काजळी असलेला, आणि तिच्या हाताइतकाच थरथरणारा.