कोपऱ्यावरचा चावा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर जमणार नाही. आणि तोंड जास्त उघडू नका. आयुष्यभर कवळ्या बनवल्यामुळे माझी नजर पहिली दातांवर जाते. समोरचा माणूस घरातलं दुःख सांगत असतो आणि मी मान डोलावत त्याची किडलेली दाढ बघत असतो.

काम तसं साधं होतं. खेळायचा एक कॉम्प्युटर घ्यायचा की नाही, एवढंच ठरवायचं होतं. दोन्ही हातांत धरायचा, मधे पडदा, कडेला बटणं. या वयात हे डबडं कशाला, असं बायकोने विचारलंच. कशाला म्हणजे? वरच्या मजल्यावर माझा साडू राहतो. त्याने घेतला म्हणून.

हा साडू हेडक्लार्क होता आणि अजूनही चेहऱ्यावर तीच खुर्ची घेऊन फिरतो. जन्मात त्याने कुणाला हसवलं नाही. पण त्याने ते यंत्र आणलं आणि माझी नात शाळेतून आली की दप्तर माझ्या अंगावर टाकून वर पळायला लागली. त्याआधी ती माझी होती. मी तिच्या उजव्या खांद्यावर टिचकी मारून डावीकडे लपायचो, म्हणून तर तिचं नाव टिचकी पडलं. आणि जिभेने ढकलून कवळी सटकन ओठांबाहेर काढली, की ती किंचाळून हसायची. आता तिचं हसणं जिन्यावरून खाली यायचं आणि मी दप्तर धरून ऐकत बसायचो. त्यात साडू जिन्यात भेटला की गोड आवाजात विचारणार, "काय दातवाले, एकटेच?"

मग एके दिवशी बाजारातल्या दुकानात तसंच यंत्र काचेमागे सवलतीत ठेवलेलं दिसलं. मी आत शिरलो. दुकानदार म्हणाला, माल चांगला आहे, फक्त लोक नेतात आणि परत आणतात. का, म्हणून विचारलं तर तो काच पुसायला लागला. पुसता पुसता म्हणाला, "कोपऱ्यावर खूण आहे ना, काका. तेवढंच."

खूण दातांची होती. कुणीतरी कडकडून चावलं होतं. मी अंगठा फिरवला आणि कळलं, हे दात तोंडात उगवलेले नाहीत, हा कवळीचा चावा आहे. सगळे दात शिस्तीत, फक्त पुढचा एक किंचित तिरका. ओळखीच्या माणसाची चाल लांबून दिसावी आणि नाव आठवू नये, तसं झालं. दुकानदाराने घाईघाईने पिशवीत भरून दिलं. नाही आवडलं तर उद्या आणा म्हणाला.

संध्याकाळी साडूला ऐकू जाईल अशा बेताने मी जिन्यात उभा राहून टिचकीला हाक मारली. माझ्या कामाच्या खोलीत स्टुलावर बसवलं. भिंतीला फळ्या, फळ्यांवर गिऱ्हाइकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे. ढगांवर उड्या मारणाऱ्या कोल्ह्याच्या पिल्लाचा खेळ होता. ती रमली, मी साडूच्या नावाने मनात पेढे वाटले, आणि वीज गेली.

अंधारात पडद्याचा निळा उजेड तेवढा उरला. तो साच्यांवर पडला आणि ते सगळे एकदम बोलायच्या बेतात असल्यासारखे दिसू लागले. हिरड्यांसाठी मी जे गुलाबी मिश्रण कालवतो, त्याचा उग्र वास खोलीत पसरला. बरणीला तर मी हात लावला नव्हता.

"आजोबा, हा दुसरा कोण?"

पिल्लाच्या मागे एक राखाडी कोल्हा उभा होता. असेल खेळातलाच, मी म्हटलं. तो हळूहळू पुढे आला. पिल्लाच्या उजव्या खांद्यावर त्याने टिचकी मारली आणि डावीकडे लपला.

टिचकी खुदकन हसली. मला आधी रागच आला. माझी युक्ती चोरतो म्हणजे काय?

मग तो कोल्हा आमच्याकडे वळला. पडद्याला नाक लागेल इतका जवळ आला, आणि त्याच्या तोंडातून दातांची अख्खी ओळ सटकन बाहेर आली... आणि आत गेली. टिचकी इतकी हसली की स्टूल डगमगलं. असं हसू मला कधीच मिळालं नव्हतं.

"हा तुझ्यापेक्षा भारी करतो."

खरं सांगतो, भीती नंतर आली. आधी मी जळलो. तिच्या तोंडासमोर वाकून मीही कवळी बाहेर काढली. तिने वरसुद्धा पाहिलं नाही.

"थांब ना, आजोबा... तो बोलतोय."

"काय बोलतोय?"

"हळू बोलतो... तुझ्यासारखंच."

मी कान लावला. शब्द नव्हते. फक्त दातावर दात आपटल्याचा बारीक आवाज... टक... टक. यंत्रातून की पाठीमागच्या फळीवरून, ते समजेना.

मी यंत्र हिसकावून घेतलं. कोपरा ओला होता. टिचकी रडत वर गेली. मी एकटाच उरलो, तेव्हा कवळी तोंडातून काढली आणि त्या खुणेवर ठेवली. घट्ट बसली. तिरका दात तिरक्या खाचेत. लोकांना माझे दात खरे वाटावेत म्हणून तो मी मुद्दाम तिरका बसवला होता, आणि तसा दुसऱ्या कुणालाच करून दिला नाही. जुन्या कवळीत तो दात सरळ होता, ही तर त्याच आठवड्यात नवी केलेली. ते यंत्र त्याआधीच किती हातांतून फिरून आलेलं.

सकाळी दुकान उघडायच्या आधी मी दारात हजर होतो. दुकानदाराने पिशवी घेतली. किंमत अजून उतरवून ते काचेमागे ठेवलं.

टिचकीने रडून घर डोक्यावर घेतलं. ही संधी साडू सोडतो होय? संध्याकाळपर्यंत तेच यंत्र घेऊन आला आणि स्वतःचं नवं कपाटात टाकलं. आता वर रोज हसणं चालतं.

काल तो जिन्यात बसलेला दिसला. खुर्ची गेलेल्या हेडक्लार्कासारखा. मी शेजारी टेकलो. दोघं वरचं हसणं ऐकत राहिलो.

"माझ्याकडे बघतसुद्धा नाही हो ती," तो म्हणाला. मग माझ्या तोंडाकडे बघून, "आणि तो कोपरा रोज थोडा थोडा कमी होतोय. तुम्ही येऊन चावता की काय, दातवाले?"

जन्मातला पहिला विनोद केला बिचाऱ्याने, म्हणून मी हसलो. पण जीभ आपोआप तिरक्या दातामागे गेली. सकाळी कवळी घासताना तिथून काळ्या प्लॅस्टिकचा बारीक तुकडा निघाला होता. परवाही निघाला होता.

झोपताना मी कवळी वाटीत पाण्यात ठेवतो. आता बायको वाटीवर ताटली झाकते आणि ताटलीवर प्लास्टरचा जड साचा ठेवते. सकाळी उठून बघतो, तर सगळं जागच्या जागी असतं. ताटली, साचा, कवळी.

पाणी तेवढं वाटीत नसतं, जिन्यावर वरपर्यंत थेंब थेंब सांडलेलं असतं.