कायम पत्ता

सिन्नरच्या स्विच-कारखान्यात, चवड-विभागाच्या चाचणी-खोलीत बाराही महिने थंडी. यंत्रांना घाम फुटू नये म्हणून माणसांनी स्वेटर घालायचा, असा तिथला न्याय. हेमांगी पिंगळे त्या दुपारीही तपकिरी स्वेटर घालून रॅकसमोर बसली होती आणि चार नवे स्विच, म्हणजे घरातले फोन जाळ्याला जोडणारे डबे, एकमेकांना जोडत होती. पहिल्यातून दुसऱ्यात केबल, दुसऱ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून चौथ्यात आणि चौथ्यातून फिरून परत पहिल्यात. म्हणजे कडं पूर्ण. एखादी केबल तुटलीच, तर बोलणं उलट्या बाजूने फिरून पोचतं. हे काम तिने इतक्या वेळा केलं होतं की हात आपले चालत होते आणि डोकं कुठेच नव्हतं. हल्ली तिचं डोकं बहुतेक कुठेच नसायचं.

"मॅडम, येऊ का?"

दारात नगरजाल कार्यालयाचे फरीद इनामदार उभे होते. अख्ख्या नाशिकची घरं, दवाखाने, शाळा आता एकाच संगणक-जाळ्यात होत्या आणि त्या जाळ्याची देखभाल इनामदारांकडे होती. माणूस गप्पिष्ट. काम दोन मिनिटांचं असलं तरी चहा झाल्याशिवाय उठायचा नाही.

"या. स्वेटर आणलाय ना?"

"शाल आणलीय. मागच्या वेळी तुमच्या खोलीने दिलेली सर्दी आठवडाभर मुक्कामाला होती." त्यांनी शाल गुंडाळली आणि टॅब्लेट पुढे केला. "एक भानगड आहे. स्विचला कारखान्यातून जो जन्माचा पत्ता मिळतो, तो जगात एकाचाच एक असतो की नाही?"

"असतो."

"मग हा एकच पत्ता पंचवटीतूनही बोलतोय आणि त्र्यंबक रस्त्यावरूनही! रोज संध्याकाळी अर्धा तास माझं जाळं नुसतं माना हलवत बसतं. इकडे बघू की तिकडे बघू."

हेमांगीने टॅब्लेटकडे पाहिलंसुद्धा नाही. "कुणीतरी चवड फोडलीय."

"मलाही तेच वाटलं. पण तुमच्या तोंडून ऐकायचंय. अहवाल लिहायचाय, आणि आमच्या साहेबांना चवड म्हटलं की भाकरीचीच आठवते."

"भाकरीचीच समजा मग. घरात माणशी एक स्विच असतो. तीन माणसांचे तीन सांभाळायचे म्हणजे डोक्याला ताप. म्हणून एकावर एक ठेवून, कडं जोडून चवड करायची. मग बाहेरच्यांना ते एकच यंत्र दिसतं. चवडीत एक प्रमुख असतो. त्याचा पत्ता तोच सगळ्यांचा पत्ता. प्रमुखाला जे जे माहीत होतं, ते उपप्रमुखाला आपोआप शिकवलं जातं. प्रमुख गेला की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उपप्रमुख गादीवर."

"आणि पत्ता?"

"तिथेच तर गोम आहे. नवा प्रमुख म्हणजे नवा पत्ता. पण पत्ता बदलला की त्यावर लटकलेलं सगळं बोंबलतं. पेन्शन, गॅस, सोसायटी. म्हणून आम्ही एक सोय ठेवलीय, 'कायम पत्ता' नावाची. ती चालू केली की प्रमुख गेला तरी चवड त्याच्याच पत्त्याने चालत राहते. बाहेर कुणाला कळतसुद्धा नाही की तो गेलाय."

"आणि फोन आला तर उचलून बोलतेसुद्धा."

"हो, प्रतिसादक असतो ना त्यात. मालकाचा आवाज आणि बोलण्याची ढब शिकलेला. 'मी बरा आहे, तुम्ही कसे आहात' इतपत. तेही उपप्रमुखाला मिळतं."

"मग भानगड कधी होते?"

"काढलेला प्रमुख माळ्यावर टाकला तर कधीच नाही. पण तोच उचलून त्याच जाळ्यात दुसरीकडे लावला की झालं! तो आपल्या जन्माच्या पत्त्याने बोलणार, घरची चवडही त्याच पत्त्याने बोलणार. असं करू नका म्हणून माहितीपुस्तिकेत ठळक छापलंय. मीच लिहिलंय ते. पण वाचतो कोण!"

चहा आला. इनामदारांनी बशीत ओतला. "जाळं मग कुणाचं खरं मानतं?"

"जो शेवटचा बोलला त्याचं. जाळ्याला माणूस कळत नाही. शेवटचा आवाज कुठल्या बाजूने आला, एवढंच कळतं. पुढचं उत्तर तिकडे धाडतं."

"तर मग त्र्यंबक रस्त्यावाल्याचं काही खरं नाही हो." इनामदार खरोखर हळहळले. "पंचवटीची चवड सारखी 'मी आहे, मी आहे' म्हणून ठोका देते. आणि हा बिचारा फार सावकाश. फोन लावतो, एक अक्षर बोलतो, मग थांबतो. इतका थांबतो की मला वाटतं झोपलाच. तेवढ्यात जाळं पंचवटीकडे वळतं आणि समोरच्याचं उत्तर तिकडे जातं. चवड आपली गोड बोलत बसते आणि हा नुसता कानाला लावून बसतो. अर्धा अर्धा तास!"

"मग तो हरणारच," हेमांगी म्हणाली. "कुठल्या गाढवाने केलंय हे? पत्ता दाखवा."

तिने पाहिलं. पत्त्याचे शेवटचे आकडे तिला तोंडपाठ होते. कारखान्याच्या पहिल्या खेपेतला तो स्विच तिने स्वतः निवडून घरी नेला होता. काळजात धस्स व्हायला हवं होतं. झालं नाही. हातातली केबल तिने आधी तिच्या जागी बसवली, खट्ट आवाज झाला, आणि मग पुस्तिकेबद्दल सांगितलं होतं त्याच आवाजात म्हणाली, "हा माझ्या वडिलांचा स्विच आहे."

इनामदारांची बशी ओठापाशीच थांबली. "आणि संध्याकाळचा तो फोन, ताई, कुणाला जातो?"

"मला," हेमांगी म्हणाली.

इनामदारांनी मग तिला गाडी चालवू दिली नाही. सिन्नरहून नाशिकपर्यंत तेच चालवत होते.

हेमांगीचे वडील, गजानन पिंगळे, सगळ्यांचे अण्णा, जन्मभर एसटी स्टँडवर गाड्यांची घोषणा करायचे. काय तो आवाज! फलाटावरची झोपलेली माणसंसुद्धा पिशव्या घेऊन उभी राहायची. श्रावणात त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. त्या दिवशी हेमांगीच्या आतही काहीतरी बंद पडलं. तिने सगळं नीट केलं. दवाखाना केला, डॉक्टरांशी बोलली, त्र्यंबक रस्त्यावरच्या संगोपन केंद्रात जागा मिळवली. नातेवाईक म्हणाले, पोरगी खंबीर आहे हो. खंबीर कसली! तिला काही वाटतच नव्हतं, आणि वाटत नाही ह्याचंही काही वाटत नव्हतं. वाचेच्या व्यायामासाठी रुग्णाचा आवाज शिकलेला त्याचा स्वतःचा स्विच आणा, असं केंद्राने सांगितलं तेव्हा ती पंचवटीच्या घरी गेली, चवडीतला वरचा स्विच उपसला, पेन्शन अडू नये म्हणून 'कायम पत्ता' चालू केला, घराला कुलूप लावलं आणि सिन्नरच्या क्वार्टरवर झोपायला गेली. ठळक अक्षरांतली स्वतःची ओळ तिला आठवलीसुद्धा नाही.

कोजागिरीच्या सुमाराला अण्णांचा पहिला फोन आला. आधी नुसतंच "हे…" आणि मग, तिने हॅलो म्हटल्यावर, स्वच्छ आवाजात, "हेमा, जेवलीस का? मी अगदी छान आहे." इतक्या लवकर वाचा आली? डॉक्टर तर वर्ष म्हणाले होते. तिला बरं वाटलं असावं. तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन. येऊ का म्हटलं की अण्णा म्हणायचे, "नको गं, उगाच धावपळ करू नकोस." ती करत नव्हती. एवढं सरळ, गुळगुळीत बोलणं ऐकताना तिचं लक्ष भलतीकडे जायचं. बोलण्यात मधूनमधून खरखर यायची, कुणी घसा साफ करावा तशी. तिचा तिला वैताग यायचा. शेवटी तिने आपल्या फोनवर खरखर-गाळणी बसवली. चवड-विभागानेच बनवलेली, उत्तम प्रतीची. त्यानंतर सुरुवातीच्या त्या "हे…" पुढे काही त्रास झाला नाही.

गाडी द्वारका चौकातल्या पुलाखाली थांबली होती तेव्हा तिला आणखी एक आठवलं. अण्णांनी आयुष्यात कधी कुणाला 'जेवलीस का' विचारलं नव्हतं. ते विचारायची आई. अण्णांचा प्रश्न एकच, लेक दिल्लीत असो नाहीतर कोपऱ्यावरच्या वाण्याकडे असो. "कुठे पोचलीस?"

"आधी घरी," ती इनामदारांना म्हणाली.

पंचवटीच्या घरात बंद घराचा वास होता. फडताळात दोनच स्विच उरले होते. वरचा आईचा, खालचा हेमांगीचा. आईला जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. तिचा स्विच काढला तर कड्याची केबल पुरत नाही, म्हणून तो राहिला. निदान तेव्हा हेमांगीने कारण तरी तेच दिलं होतं. अण्णांचा स्विच उपसल्यावर गादीवर आला तो हा. आवाज अण्णांचा, पत्ता अण्णांचा, आणि मधूनच डोकावणारी ढब आईची. हिशोब चोख जुळत होता.

तिने लॅपटॉप जोडला. 'कायम पत्ता रद्द करायचा?' हो. 'चवड पुन्हा सुरू होईल.' होऊ दे. सगळे दिवे विझले. घर एकदम गप्प झालं, तेव्हा कळलं की आतापर्यंत ते किती बारीक आवाज करत होतं. मग एकेक हिरवा दिवा लागत गेला आणि तिच्या हातातला फोन वाजला.

पडद्यावर नाव होतं, 'आई'.

ते नाव तिने कधी पुसलंच नव्हतं. आता चवडीचा पत्ता बदलून आईचा झाला होता, आणि नवा पत्ता घेतला की चवड घरच्यांना एकदा फोन करून कळवते, हा नियम तिच्याच विभागाने घातला होता. ह्यात काही चमत्कार नव्हता. तिने फोन उचलला.

"हेमा, घरची चवड सुरू झाली गं. जेवलीस का?"

"नाही," हेमांगी म्हणाली.

"काहीतरी खाऊन घे आधी."

यंत्र होतं ते. आत काय काय भरलंय ते तिला ठाऊक होतं. तरी ती फडताळाशी खालीच बसली, आणि श्रावणापासून पहिल्यांदा तिला काहीतरी वाटलं. भीती वाटली. अण्णांसमोर जायची भीती.

केंद्रावर पोचेपर्यंत उन्हं कलली होती. इनामदार गाडीतच थांबले. रोहिणी नावाच्या सिस्टर व्हरांड्यात भेटल्या. नाव ऐकताच त्यांचा चेहरा उजळला.

"तुम्हीच का हेमाताई! अहो, आत्ता तुमच्याच फोनची वेळ झाली. केस विंचरून बसलेत बघा. फोन करायचा म्हटलं की आधी कंगवा मागतात."

"बोलतात का ते आता?"

"एखादा शब्द. फार जोर लावावा लागतो, पण सोडत नाहीत." सिस्टरांनी आवाज खाली आणला. "राग नका मानू, पण एकदा मी विचारलं, काय म्हणते लेक? तर त्यांना ते सांगायला कितीतरी वेळ लागला. म्हणाले, 'बोलत नाही. पण रोज उचलते.'"

हेमांगीने मान डोलावली.

खोलीचं दार उघडं होतं. अण्णा खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसले होते. पाठच दिसत होती, केवढीशी झाली होती. डाव्या हाताने त्यांनी फोन मांडीवर धरला, अंगठ्याने हळूहळू दाबला आणि कानाला लावला. दारात उभ्या असलेल्या हेमांगीच्या मुठीत फोन थरथरला.

आत जाऊन खांद्यावर हात ठेवता आला असता. पण इतके दिवस ज्या वाटेने ते हाका मारत होते, त्याच वाटेने उत्तर जायला हवं, असं तिला वाटलं. तिने खरखर-गाळणी बंद केली आणि फोन उचलला.

"हे…"

ती थांबली. आता तो गुळगुळीत आवाज मध्ये घुसेल म्हणून तिचे कान टवकारले होते. कुणी घुसलं नाही. फोनमध्ये श्वास ऐकू येत होता, घशातली खरखर ऐकू येत होती. तीच खरखर.

"हे… मा."

"अण्णा," ती म्हणाली.

खिडकीपाशी पाठ ताठ झाली. अण्णांनी फोन कानापासून काढून डोळ्यांसमोर धरला, त्याच्याकडे पाहिलं, परत कानाला लावला. मग बराच वेळ काहीच नाही. हेमांगीच्या तोंडाशी त्यांचा प्रश्न आला होता, पण तिने तो त्यांच्यासाठी पुरा केला नाही.

"कु… ठे…"

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी चहाचे कप गोळा करत होतं.

"पो… चलीस?"

तिने तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. नाक-डोळे वाहायला लागले, श्रावणापासूनचं सगळं एकदमच आलं. पलीकडे अण्णांच्या कानात पुन्हा नुसतीच शांतता होती. त्यांनी फोन हळूहळू खाली घ्यायला सुरुवात केली, रोजच्या सवयीने, तक्रार न करता.

तिने खोली धावतच पार केली आणि त्यांच्या पुढ्यात जाऊन बसली. फोन अजून कानालाच होता.

"पोचले, अण्णा. गाडीला फार उशीर झाला. पण पोचले."